बाईंचा कोवळा कान

केवडी बंदराच्या बालवाडीत औषधाची पेटी आली, त्या सकाळी प्रणिताबाई भाटकर चपलांच्या कपाटाशी उकिडव्या बसून एका चार वर्षांच्या मुलीची मनधरणी करत होत्या.

"ये गं बाळा, आत ये. बघ तरी, कसली मज्जा चाललीय आत."

त्यांच्या हातातल्या फोनने तेच वाक्य लगेच मुलीच्या भाषेत म्हटलं. आवाज स्वच्छ, उच्चार बिनचूक. मुलीने बाईंकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती फोनकडे बघत राहिली, आणि फोन गप्प झाल्यावर कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या आपल्या आईकडे.

मुलीचं नाव हव्वा. तिच्या आईचं नाव शिफाझा. २०४७ साल होतं. मालदीवची कितीतरी बेटं तोवर माणसांना राहण्याजोगी उरली नव्हती. विहिरी खारट झाल्या, मग घरांत पाणी शिरलं, आणि मग माणसं मिळेल त्या किनाऱ्याला लागली. त्यातली चौदा कुटुंबं डिसेंबरात केवडीला आली. बंदरापलीकडे शेवाळाची मोठी समुद्रशेती सुरू झाली होती, तिथे पाण्याला न घाबरणारी माणसं हवीच होती. टेकडीवर त्यांच्यासाठी घरं बांधली गेली. बालवाडीच्या वयाची मुलं अकरा. गावातली पंधरा मुलं आधीपासून होती.

तीन महिने झाले होते. अकराजण एका कोपऱ्यात, पंधराजण दुसऱ्या. हव्वा तर चपलांच्या कपाटापुढे कधी सरकलीच नव्हती, आणि तिच्या तोंडून एक शब्दही बालवाडीत कुणी ऐकला नव्हता. आया रोज पोचवायला यायच्या आणि सुटेपर्यंत कुंपणाबाहेर उभ्या राहायच्या.

फोनमधला दुभाष्या मोठ्यांचं काम चोख करायचा. दवाखाना, रेशन, पगार, सगळं त्याच्यावर निभायचं. पण लहान मूल भाषा उचलतं ते समोरच्याचे ओठ, डोळे, भुवया बघत. आवाज एकीकडून आणि चेहरा दुसरीकडे, असं झालं की त्याला ते बोलणं आपल्याशी चाललंय असं वाटतच नाही. शिवाय मुलं बोलतात तेही अर्धंमुर्धं. दुभाष्या त्यातून आपल्या मनाचं शहाणं वाक्य तयार करायचा. एकदा एक मुलगा रडत काहीतरी म्हणाला, तर फोन शांतपणे बोलला, "मला हवामानाबद्दल माहिती हवी आहे."

आणि एप्रिलची टांगती तलवार होती. विस्तार अधिकारी ढवणसाहेबांनी नोटीस आणून दिली होती. एप्रिलअखेर जी मुलं गावातल्या मुलांत मिसळली नसतील, त्यांना रोज बसने चाळीस किलोमीटरवरच्या शहरात, वेगळ्या केंद्रात पाठवायचं. ढवणसाहेब माणूस वाईट नव्हता. "बाई, मुलं इथे नुसती बसून राहण्यापेक्षा बरं ना?" ते म्हणाले होते.

पेटी घेऊन आलेल्या बाई म्हणजे डॉक्टर तन्वी केळुसकर. वयाने तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आयांना आत बोलावून घेतलं, मदतनीस सुगंधाने सगळ्यांना चहा दिला, आणि डॉक्टरांनी पेटीतून नाकात मारायच्या फवाऱ्याची एक छोटी बाटली काढली. औषधाचं नाव होतं नवश्रुती.

"लहान मूल कुठलीही भाषा कशी पटकन शिकतं?" त्या म्हणाल्या. फोन त्यांचं बोलणं आयांना सांगत होता. "कारण त्याच्या मेंदूतलं ऐकण्याचं केंद्र मऊ असतं. जसजसं वय वाढतं तसतशी तिथल्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते. जोडण्या पक्क्या होतात. ते चांगलंच असतं, नाहीतर आपली भाषा आपल्याला रोज नव्याने शिकावी लागली असती. पण मग नवे आवाज आत शिरत नाहीत. हे औषध ती जाळी सैल करतं. फक्त ऐकण्याच्या केंद्रातली, फक्त बेचाळीस दिवस. तेवढ्या दिवसांत कान चार वर्षांच्या मुलाचा होतो. मग जाळी परत घट्ट होते, आणि जे आत गेलं ते कायमचं राहतं."

"आणि आधीचं?" प्रणिताबाईंनी विचारलं.

"आधीचं राहतं. पण थोडं हलू शकतं. उच्चार, बोलण्याचा सूर. जो आवाज सगळ्यात जास्त कानावर पडेल, त्याच्या बाजूला. आणि हो, जिवंत माणसाशी समोरासमोर बोलणं लागतं. टीव्ही, फोन काही उपयोगाचे नाहीत."

दर बालवाडीला बेचाळीस दिवस एकाच माणसाला पुरेल एवढी मात्रा होती. आलेल्यांपैकी एका आईने ती घ्यायची, मराठी शिकायचं आणि बाकीच्यांना जोडून घ्यायचं, अशी योजना होती. यादीत शिफाझाचं नाव होतं.

शिफाझाने बाटली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग ती हळूहळू बोलली आणि फोनने सांगितलं, "आमचं बेट आता नाही. आमच्या बेटाची बोली या चौदा घरांतच आहे. माझी मुलगी फक्त माझ्याशीच बोलते. माझाच सूर बदलला, तर ती कुणाशी बोलेल?"

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मग मी घेते," प्रणिताबाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा. 'मुलांसोबत रोज किमान पाच तास असणारी प्रौढ व्यक्ती.' मी सहा तास असते. ह्या सगळ्याजणी घरदार सोडून इतक्या लांब आल्यात. आणखी त्यांनीच किती वळायचं? थोडं मी वळते."

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

घरी मात्र हे सांगणं सोपं नव्हतं. त्यांचे पती विद्याधर भाटकर एकतीस वर्षं तालुक्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते हे ते अशा आवाजात सांगायचे, की गाडी नसलेली माणसंही थांबून ऐकत. निवृत्त झाले तरी शुद्ध उच्चार हा त्यांचा जीव की प्राण होता.

"म्हणजे तुझी मराठी बिघडणार?" त्यांनी जेवता जेवता घास खाली ठेवला.

"बिघडणार नाही हो. हलू शकते, एवढंच."

"हलू शकते म्हणजे? भाषा म्हणजे काय दात आहे?"

"आणखी एक आहे," बाई चाचरत म्हणाल्या. "बेचाळीस दिवस मी मराठी कमीत कमी ऐकायची. म्हणजे घरात तुम्ही... जरा..."

"गप्प बसायचं?"

"हो."

विद्याधररावांनी खाली ठेवलेला घास संपवला. मग उठले, मुलाची जुनी पाटी माळ्यावरून काढली, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं : 'कधीपासून?'

एक मार्चला बाईंनी पहिला फवारा घेतला. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, आणि एकदम थबकल्या. ओल्या कपड्याचा झटका, माडाच्या झावळीची सळसळ, लांबून येणारं होडीचं इंजिन, सगळं वेगवेगळं, लख्ख, जणू पहिल्यांदाच कानांवर पडत होतं. त्यांना हसूही आलं आणि डोळेही भरले.

बालवाडीत तर गंमतच. कान कोवळा झाला की जीभही त्याच्यामागे धावते. बाई ऐकतील ते परत म्हणायच्या. सुगंधाने "पोरांनो, हात धुवा!" म्हणून हाक मारली की बाईंच्या तोंडून तीच हाक, त्याच खरखरीत आवाजात निघायची. "अगो बाय! माझीच नक्कल करतात!" सुगंधा तोंडाला पदर लावून हसायची. बाईंची मुलांना शिकवण्याची सहा गाणी होती, ती त्यांनी बंद ठेवली. कारण आता शिकायची पाळी त्यांची होती.

आणि शिकवणार कोण? आया. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच कुंपणाबाहेरच्या बाया आत आल्या. त्यांना कुणी 'या, बसा' असं नुसतं म्हटलं नव्हतं, त्यांना काम दिलं होतं. वयाने सगळ्यांत मोठ्या झुलैखाबाई रोज एक टोपली घेऊन यायच्या. खोबरं किसता किसता, मासा सोलता सोलता वस्तू उचलून नाव सांगायच्या. मासा म्हणजे मस. मीठ म्हणजे लोनु. साखर म्हणजे हकुरु. प्रणिताबाई मुलांच्या ओळीत मांडी घालून बसायच्या आणि मुलांसारखंच म्हणायच्या. पंधरा स्थानिक मुलांना हे फार आवडलं. बाईच शिकतायत म्हटल्यावर त्यांनाही शिकायचं होतं. सातपर्यंत आकडे तर त्यांनी बाईंच्या आधी पाठ केले.

आठव्या दिवशी ती गोष्ट घडली. विभागाने शब्दांची एक छापील यादी पाठवली होती. मधल्या सुट्टीनंतर बाईंनी ती हातात घेतली, सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि 'खेळा' या शब्दासाठी जे छापलं होतं ते ठणठणीत आवाजात वाचलं :

"कुले!"

मग पंधरा मुलांचा असा काही हशा फुटला, की सुगंधाच्या हातातला डाव खाली पडला. ओजस नावाचा एक गोलमटोल मुलगा तर जमिनीवर लोळायलाच लागला. "बाई कुले म्हणाल्या! बाई कुले म्हणाल्या!"

चपलांच्या कपाटाजवळून एक छोटी मूर्ती ताडकन उठली. हव्वा. ही सगळी का हसतायत ते तिला कळलं नव्हतं. पण तिच्या भाषेतला शब्द चुकला होता आणि चुकल्यावर लोक हसत होते, एवढं तिला पक्कं कळलं होतं. ती तरातरा चालत खोलीच्या मधोमध आली, बाईंसमोर उभी राहिली आणि एकेक अक्षर ठासून म्हणाली,

"कुळे! कु-ळे!"

असा स्वच्छ, टाळूला जीभ लावून उच्चारलेला ळ, की विद्याधररावांनी ऐकला असता तर टोपी काढली असती.

"कुळे," बाई म्हणाल्या.

हव्वाने मान हलवली. तिच्या ळ एवढा तो स्वच्छ नव्हता. तिने वर हात करून बाईंची हनुवटी धरली, आपलं तोंड उघडून जीभ कुठे लावायची ते दाखवलं आणि पुन्हा म्हणाली. बाईंनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी हव्वाचं समाधान झालं. मग ती वळली, लोळणाऱ्या ओजसला हाताने ओढून उभं केलं आणि त्याच्याकडूनही म्हणून घेतलं. त्यानंतर ती कपाटाकडे परत गेली नाही.

दाराशी शिफाझा उभी होती. मुलीचा आवाज या खोलीत घुमताना तिने पहिल्यांदा ऐकला होता. ती खाली बसली, आणि तिथेच बसून राहिली.

दिवस भराभर गेले. विसाव्या दिवशी बाईंना वाक्यं कळू लागली, पंचविसाव्या दिवशी चुटके. एका दुपारी ओट्यावरून पडून हव्वाचा गुडघा फुटला. बाई धावल्या आणि काही विचार करायच्या आतच त्यांच्या तोंडून निघालं, "दरिफुळु! माझं दरिफुळु!" झुलैखाबाई मुलांना तशीच हाक मारायच्या : आपलं लाडकं लेकरू. हव्वा हुंदके देत बाईंच्या कुशीत शिरली. पण मागे कुणीतरी तिच्याहून मोठ्याने रडत होतं. शिफाझा. बाई घाबरल्या. मुलीने आईऐवजी आपल्याकडे धाव घेतली म्हणून तिला वाईट वाटलं की काय?

"नाही, नाही," शिफाझा डोळे पुसत म्हणाली, आणि आता मध्ये फोन नव्हता. "माझी आई अशीच म्हणायची. अगदी अशीच, शेवट लांबवून. ती गेल्यापासून या सुरात मला कुणी हाक मारली नव्हती. मला परत एकदा ऐकव."

बाईंनी चौतीस वर्षांच्या त्या बाईला जवळ घेऊन तशीच हाक मारली.

एकतिसाव्या दिवशी डॉक्टर केळुसकर तपासायला आल्या. त्यांनी बाईंकडून मराठी शब्द म्हणून घेतले, यंत्रावरच्या रेषा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, 'पाणी' म्हणा."

"फाणी."

"पाच."

"फाच."

म्हणताना बाईंना काहीच चुकल्यासारखं वाटत नव्हतं. जिथे मराठीत प येतो तिथे या पाहुण्यांच्या भाषेत कितीदा फ असतो. त्यांचा पाच म्हणजे फहे, त्यांचं पाणी फेन. बाईंचा कान त्या बाजूला झुकला होता.

"आज थांबवलं तर तुमचा प बहुतेक परत येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण नवी भाषा अर्धवट राहील. पूर्ण केलं, तर भाषा तुमची. प मात्र असाच राहायची शक्यता जास्त. ठरवा. उद्या सांगितलंत तरी चालेल."

बाई त्या संध्याकाळी घरी आल्या, तर विद्याधरराव घरात नव्हते. गेला महिनाभर ते रोज चारला बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत. कुठे जातात, हे बाईंनी कामाच्या धबडग्यात विचारलंच नव्हतं. त्या शोधत धक्क्यावर गेल्या.

धक्क्यावर शेवाळाच्या दोऱ्या विणत टेकडीवरचे दहा-बारा पुरुष गोल करून बसले होते, आणि मधोमध खुर्चीवर विद्याधरराव. महिनाभर घरात तोंड बंद ठेवलेल्या माणसाने सगळं बोलणं तिथे आणून ओतलं होतं.

बाईंना पाहताच हव्वाचा बाप राशिद उठला, छाती पुढे काढून, एकेक अक्षर सुटं सुटं करत खणखणीत मराठीत म्हणाला, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. भाटकरबाई फलाट क्रमांक एकवर येत आहेत!"

सगळा गोल हसला. बाई पोट धरधरून हसल्या. मग नवऱ्याशेजारी बसून, चुकत, अडखळत त्यांनी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. प्रत्येक 'प'ला विद्याधररावांच्या कपाळावर एक आठी चढत होती, हे त्यांना दिसत होतं. बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात तर मी थांबते. तुमच्या मनाविरुद्ध नाही करायचं मला."

विद्याधररावांचा हात सवयीने पाटीसाठी बाजूला गेला, पण पाटी घरी होती. महिन्याभरानंतर ते बायकोशी पहिल्यांदा बोलले.

"मी रोज इथे येतो. ही माणसं माझ्याकडून ऐकून ऐकून मराठी शिकली, काही औषध न घेता. चुकतात, मी सुधारतो, हसतात, परत म्हणतात. एकतीस वर्षं मी माईकमध्ये बोललो, कुणी कधी उलटून बोललं नाही. इथे बोलतात." त्यांनी घसा खाकरला. "काल ती हव्वा इथे आली होती. तिने 'बाळ' म्हटलं. काय ळ आहे त्या मुलीचा! तालुक्यात नाही असा. तू एक प दिलास, तिकडून एवढे ळ आले. कर पूर्ण."

बाईंनी पूर्ण केलं. अकरा एप्रिलला शेवटचा दिवस होता. त्यानंतर आवाज हळूहळू पुन्हा नेहमीसारखे झाले. झावळीची सळसळ मागे गेली, होडीचं इंजिन दूर गेलं. पण भाषा राहिली. बाई आता दोन्ही भाषांत गोष्ट सांगायच्या, आणि अर्ध्या खोलीने हसून झाल्यावर उरलेली अर्धी हसायची, असं होईनासं झालं. सगळी एकदमच हसायची.

आयांनीही यायचं थांबवलं नाही. शिफाझा आता रोजची होती. एकदा बाई फळ्यासमोर "फालकसभा" म्हणाल्या, तर ती मागून मराठीत ओरडली, "पा! बाई, पा! पालक!"

फक्त एक गोष्ट अजून मिटली नव्हती. विभागाचा आदेश आधीच निघाला होता. एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी सकाळी बालवाडीच्या दारात निळी कोरी बस येऊन उभी राहिली. ढवणसाहेब हातात अकरा नावांची यादी घेऊन उतरले. आज नुसतं केंद्र दाखवून आणायचं, पुढच्या महिन्यापासून रोज.

"साहेब, मी दोन फत्रं लिहिली तुम्हाला," बाई म्हणाल्या. "मुलं मिसळलीयत. आत येऊन बघा तरी."

"पत्रं पोचली, बाई. पण सगळेच सेवक असं लिहितात. मला वर काहीतरी दाखवावं लागतं."

ते दोघं बोलत असताना मुलांनी बस पाहिली. बस म्हणजे सहल, आणि केवडीत सहल म्हणजे दीपस्तंभ. ओजसने पहिली उडी मारली, त्याच्यामागे हव्वा, आणि मग बघता बघता सगळी सव्वीसच्या सव्वीस आत. खिडक्या उघडल्या गेल्या, सीटवर नाचणं सुरू झालं. ढवणसाहेब दारात चढले आणि गोंधळले. सगळ्यांच्या तोंडाला सकाळच्या खिचडीची हळद, सगळे दोन भाषांत एकदम आरडत होते. यादीतली नावं वाचली, तर प्रत्येक नावाला सात-आठ जण "मी! मी!" करत होते.

साहेबांनी जरा विचार केला. मग मुलांना समजेल असं, सावकाश, मोठ्याने म्हणाले, "हे बघा मुलांनो. ज्यांना मराठी कळते, त्यांनी खाली उतरा."

हव्वा ताबडतोब उठली. मोठ्या माणसाने सांगितलं की ऐकायचं, हे तिला घरूनच शिकवलेलं होतं. ती पायऱ्या उतरली. तिच्यामागे झुलैखाबाईंचा नातू उतरला, मग जुळ्या बहिणी, मग आणखी एक, आणखी एक. अकराच्या अकरा मुलं खाली उतरून ओळीत उभी राहिली.

गावातली पंधरा मुलं मात्र सीटला चिकटून बसली होती. सहल सोडायला कुणी तयार नव्हतं. साहेबांची नजर पहिल्या सीटवरच्या ओजसवर गेली. ओजसने दोन्ही हातांनी कान घट्ट झाकले आणि बोंबलला,

"मला मराठी येत नाय!"

"मला पण नाय!" मागून चौदा आवाज आले.

ढवणसाहेब एकदा बसमधल्या पंधरांकडे, एकदा खाली उभ्या असलेल्या अकरांकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते तिथल्या तिथे पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सुगंधा हसली, आया हसल्या, चालक स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. प्रणिताबाईंना तर उभं राहवेना, त्यांनी शिफाझाचा खांदा धरला.

हसू ओसरल्यावर साहेबांनी यादीवर मधोमध एक आडवी रेघ मारली, खाली काहीतरी लिहून सही केली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"मग साहेब, ही गाडी आता रिकामीच परत न्यायची का?" चालकाने विचारलं.

साहेब उत्तर देण्याआधी हव्वाने त्यांच्या शर्टाचं टोक ओढलं. "दीपस्तंभ," ती म्हणाली. "आम्ही बघितला नाही. चला."

"चला," साहेब म्हणाले. "आयांनाही घ्या."

अकरा मुलं पुन्हा वर चढली. त्यांच्यामागून शिफाझा, झुलैखाबाई, बाकीच्या बाया, खिचडीचं पातेलं घेऊन सुगंधा. जागा पुरेनात, म्हणून मुलं मांडीवर घेतली गेली, ज्याला जी मांडी सापडली तिच्यावर. प्रणिताबाई सगळ्यांत शेवटी चढल्या. त्यांच्या मांडीवर ओजस होता, शिफाझाच्या मांडीवर सुगंधाची नात, आणि हव्वा ढवणसाहेबांच्या मांडीवर बसून त्यांची हनुवटी धरून जीभ कुठे लावायची ते दाखवत होती. बस निघाली.